काकांनी मान हलवली

वैजापूर
५ मे २०२५

ती. काका,

पायावर डोकं ठेवते आणि लगेच तक्रारीला बसते, रागावू नका. तीनदा फोन केला. तिन्ही वेळा बानाकाकूनं उचलला आणि म्हणाली, "त्यांना पत्रच टाक बाई. त्यांना पत्र आवडतं." घरात दोन-दोन मोबाईल असून पत्र? पण काकूचं ऐकलं. आईच्या दहाव्याला मी तुम्हाला एक विचारलं होतं आणि तुम्ही मान हलवली होती. त्याच हक्कानं लिहिते.

पाडव्याच्या आठवड्यात आदिदादाकडून, म्हणजे तुमच्याच दुकानातून, जुना लॅपटॉप आणला. तो सारखा हँग होतोय. चांगला चाललेला असतो, आणि मधेच बाण जागच्या जागी थिजतो. बटणं दाबा, टिचक्या मारा, देवाचं नाव घ्या, हलत नाही. शेवटी गळा दाबल्यासारखं बटण दाबून बंद करायचा आणि पहिल्यापासून सुरू. टाइप केलेलं सगळं पाण्यात.

परवाची गंमत सांगते. तहसीलजवळ स्टँपवाल्याच्या ओसरीवर बसून मी अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करते, हे तुम्हाला माहीत आहे. दगडाबाई नावाची म्हातारी आली. एका कागदावर दगडाबाई, दुसऱ्यावर दगडूबाई, दोन्ही एकच बाई आहे असं लिहून पाहिजे. तिनं सगळं सांगितलं. बाप कोण, नवरा कोण, नाव कुणी बिघडवलं. हँग. पुन्हा सांगितलं. पुन्हा हँग. तिसऱ्या वेळी म्हणाली, "लेकी, आता मलाच खात्री राहिली नाय मी कोण हाये. तुला सुचंल ते लिही." सगळी ओसरी हसली. मीही हसले, पण घरी जाऊन रडले.

काका, त्या ओसरीवरचं टेबल तात्यासाहेबांचं आहे. चाळीस वर्षं तिथं टाइप करतात. एक जूनला ते लेकाकडं राहायला जाणार. मला म्हणाले, "टेबल तुलाच देतो, पण काम अडता कामा नये. निकाल लागले की पोरं दाखल्यांसाठी रांगा लावतील. तुझं मशीन चाललं तर तू, नाहीतर मी दुसऱ्याला शब्द देतो." म्हणजे माझ्याकडं महिनाभरही नाही.

मी घेताना उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. दादा म्हणाला, "बाबांना विचारलंय, बाबा हो म्हणालेत." भिकन रेडिओवाल्यानं हो म्हटल्यावर मी काय बघायचं?

काय करू ते लवकर लिहा.

तुमची,
सुके


हर्सूल
९ मे २०२५

चि. सुकेशनी,

आशीर्वाद तर आहेतच, ते काय लिहून द्यायचे. तुझं अक्षर बघून तुझ्या बापाची आठवण झाली. त्याचंही 'क' असंच पोट पुढं काढून चालायचं.

घाबरू नको. चालता चालता मेंढरू थांबलं की आमचा बाप काठी उगारत नसे. आधी खूर बघायचा, मग तोंड उघडून बघायचा, मग पोटाला हात लावायचा. म्हणायचा, जनावर उगाच थांबत नसतं, आपल्याला कारण दिसत नाय एवढंच. मी चौथीत शाळा सोडली, पण हा धडा सोडला नाही. बापाच्या गळ्यातला रेडिओ बंद पडला तेव्हा कात्रीच्या टोकानं उघडला, तिथून आजपावेतो हेच करत आलो. रेडिओ काय, टीव्ही काय, तुझं मशीन काय, थांबतं त्याला कारण असतं.

तर आधी ताप बघ. चालू करून अर्धा तास काम कर आणि मग पोटाखाली डाव्या अंगाला तळहात ठेव. हात ठेववत नसेल तर ताप आहे. मांडीवर, उशीवर ठेवत असशील तर आजपासून बंद. त्याचा श्वास खालून चालतो. तोंडावर पदर दाबून कुणाला पळायला लावलं तर ते पडणारच. फरशीचे दोन तुकडे घे, दोन्ही कडेला ठेव, त्यावर मशीन. मग बंद करून, पिन काढून, जिथून गरम हवा येते तिथली धूळ दाढीच्या जुन्या ब्रशानं झाड. तुझ्या नवऱ्याचा नवा ब्रश घेऊ नको, भांडण लागेल आणि माझं नाव निघेल.

आणि पंखा फिरतो का ते कान लावून ऐक. भुर्र येतो की घुर्र, ते मला लिही. तुझा कान थोडे दिवस मला उसना दे.

तुला कोणतं मशीन गेलं ते माझ्या ध्यानात येत नाही. फळीवर पुष्कळ असतात. पण मी हो म्हणालो असेन तर पारखूनच म्हणालो असेन. माझ्या तोंडून 'हो' फुकट घसरत नाही.

फोनचं म्हणशील तर आमच्या गल्लीत रेंजची बोंब आहे. पत्र बरं. पत्रात माणूस खोटं कमी बोलतो.

तुझा,
भिकनकाका


वैजापूर
१४ मे २०२५

ती. काका,

गल्लीत रेंज नाही? आदिदादा तुमच्याच ओट्यावर बसून तासतासभर व्हिडिओ कॉल करतो, मी त्याच्या मागं तुमची शेळी चरताना पाहिलीय. रेंज नसायला तुम्ही काय जेलच्या भिंतीआड राहता? असो. तुम्हाला पत्र पाहिजे तर पत्र.

सांगितलं तसं केलं. तळहात ठेववत नव्हता, चटकाच बसला. ब्रशानं झाडलं तर केवढा तरी भुगा निघाला, कुण्या मांजरानं आत संसार मांडला होता की काय. पंखा भुर्र करतो, मधेच घुर्र करतो आणि मग पुन्हा भुर्र.

आणि काका, दोन दिवस चालला! सलग! मी ओसरीवर पेढे वाटायच्या बेतात होते. तात्यासाहेबांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "बरं हाये." त्यांच्या तोंडून बरं निघणं म्हणजे सोन्याचा हार.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता, रांगेत चार माणसं, आणि बाण थिजला. तात्यासाहेब म्हणाले, "पोरी, माझा टाइपरायटर चाळीस वर्षांत एकदाच थांबला, तोही मीच थांबवला." लोक हसले. एकानं तर अर्ज उचलला आणि समोरच्या सेंटरवर गेला.

सकाळी गार असताना बरा चालतो. तासाभरानं अडतो. थोडा वेळ झाकून ठेवला की पुन्हा शहाण्यासारखा. मला हेच कळत नाही, बिघडलाय तर बिघडून राहावं ना. हा मधे मधे चांगला कशाला वागतो?

आता सतरा दिवस राहिलेत.

सुके


हर्सूल
१७ मे २०२५

चि. सुके,

तुझा कान चांगला आहे. घुर्र ऐकलंस म्हणजे पंख्याची धाव सरळ नाही. पण नुसत्या तेवढ्यानं असं होत नाही. गार असताना चालतं आणि तापलं की अडतं, म्हणजे आत कुठंतरी जोड सैल आहे. तापलं की फुगतं आणि सुटतं, गार झालं की परत टेकतं. नात्यागोत्यातही असंच असतं, पण ते जाऊ दे.

आता उघडावं लागेल. भिऊ नको. भाकरी थापणारा हात कुठल्याही यंत्राला भारी असतो. बारका स्क्रू-ड्रायव्हर घे. स्क्रू काढशील तसे कागदावर त्याच जागी ठेव, रांगोळीचे ठिपके मांडल्यासारखे, म्हणजे परत बसवताना घोळ नको. आधी बॅटरी काढ. मग हाताच्या बोटाएवढी लांब हिरवी पट्टी दिसेल, दोन्ही कडांना चिमटे. चिमटे बाजूला केले की ती आपणहून वर येते. ती रॅम. तिला खालून पिवळेधमक दात असतात. ते पोराच्या खोडरबरानं हळूच घास, फुंकर मार आणि परत बसव, टक् वाजेपर्यंत. निम्मी मशीनं या खोडरबरानं बरी केलीत मी. लोक म्हणायचे भिकनकडं विद्या आहे. विद्या कसली, खोडरबर होतं.

आत माझा ठिपका दिसतो का तेही बघ. मी हात लावलेल्या प्रत्येक मशीनला डिंकात कालवलेल्या गेरूचा ठिपका देतो. मेंढरांना द्यायचो तसाच. तुझ्या बापानं मेंढरं तुझ्या जन्माच्या आधी सोडली, तुला ठाऊक नसेल. ठिपका दिसला तर कुठं आहे ते लिही.

बानाकाकू म्हणते, जावयाला घेऊन ये. आंबे उतरलेत.

काका


वैजापूर
२१ मे २०२५

ती. काका,

उघडलं! मी, सुकेशनीनं, स्वतः! नवरा दारात उभा राहून म्हणत होता, "जमंल का, जमंल का." त्याला म्हटलं, तुम्ही फक्त पोरांना लांब ठेवा.

दात घासले. खोडरबर पार काळं झालं. बसवताना टक् वाजलं आणि माझ्या काळजातही वाजलं.

आणि तुमचा ठिपका सापडला! एकदम ओळखला. गेरूचाच, करंगळीच्या पेरानं दिल्यासारखा. बघून इतकं बरं वाटलं की काय सांगू. म्हटलं, काकांचा हात इथवर पोचलेला आहे, आता भ्यायचं कारण नाही. कुठं ते विचारलंत ना, तर मागच्या कडेला आहे, झाकणाच्या बिजागरीपाशी. पुढं कुठं नाही, नीट पाहिलं.

त्याच अंगाला खालच्या हिरव्या पाटीवर पांढुरकी हिरवी बुरशी आहे. तांब्याचं भांडं घासलं नाही की चढतं ना, तसलं. ते आधीपासूनच असतं का? मी नखानं खरवडलं नाही.

सगळं परत बसवलं. एकही स्क्रू उरला नाही. काल दिवसभर चालला. आज दुपारी पुन्हा अडला, पण मी धीर सोडलेला नाही. ठिपका आहे म्हणजे तोडगाही असणार. पुढचं सांगा.

तुमची शिष्या,
सुके


हर्सूल
२४ मे २०२५

सुकेशनीस,

मशीन बंद कर. पुन्हा चालू करू नको, आता काही खोलू नको. कापडात बांधून एसटीनं दुकानाकडं नको, घराकडं पाठव. माझ्या नावानं.

तोवर कुणाला काही बोलू नको. आदिनाथलाही नाही.

भिकन


वैजापूर
२७ मे २०२५

काका,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. चार ओळी आहेत, तिसऱ्यांदा वाचूनही चारच राहिल्या. आशीर्वाद नाही, काकूची खुशाली नाही. "भिकन." मी कुण्या गिऱ्हाइकासारखी.

तुम्ही कुणाला बोलू नको म्हणालात. मी बोलले. आदिदादाला फोन केला. एक जून पाच दिवसांवर आलाय आणि मला मशीन बंद कर म्हणता, मग मी कुणाला विचारायचं? दादा आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "मी बाबांना विचारल्याशिवाय दिलं नाय. हे सुकेला देऊ का, असं सरळ विचारलं. त्यांनी मान हलवली. आता त्यांचं वय झालंय, विसरतात, मी काय करू?"

म्हणजे खरं आहे. तुम्ही मान हलवली होती.

मग आता ही लपवाछपवी कशाला? मशीन खराब होतं आणि ते तुम्हाला माहीत होतं. ठिपका तुमचा, होकार तुमचा, आणि "कुणाला बोलू नको" हेही तुमचंच. मी खोडरबरानं दात घासत बसले, ब्रशानं धूळ झाडत बसले, आणि तुम्ही तिकडून मला मेंढरांच्या गोष्टी सांगत होतात. मला वाटलं तुम्ही मला हुन्नर शिकवताय. तुम्ही फक्त वेळ काढत होतात का?

परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुमच्यावर ओरडायला माझ्याकडं तोंड नाही, कारण आई गेल्यापासून मी दुसरं कुणाचं दार धरलेलं नाही. गोड बोलून केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असेल.

तात्यासाहेबांनी काल विचारलं, "काय ठरलं?" मी म्हटलं, "काका बघतायत." ते म्हणाले, "मग काळजी नाय." त्यांचं ते ऐकून मला जास्त लागलं.

मशीन पाठवत नाही. इथंच पडू दे.

सुकेशनी


हर्सूल
३० मे २०२५

सुके,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. बानाकाकू स्वतः घेऊन येतेय, सकाळच्या गाडीनं. तिच्यासोबत एक पिशवीही आहे. पण आधी हे वाच, मग पिशवी उघड.

तू जे लिहिलंस त्यातलं निम्मं माझ्या वाट्याचं आहे. ते मी आधी घेतो.

मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. आधी पंख्यांचा आवाज गेला, मग काकूच्या बांगड्यांचा, मग माणसांचा. आता ढग गडगडला तर छातीत कळतं, कानात नाही. रेंजची बोंब गल्लीत नाही, माझ्या डोक्यात आहे. रेडिओच्या नुसत्या खरखरीवरून दुखणं ओळखणारा भिकन बहिरा झाला, हे मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. बघ, हेही ऐकायचं नव्हतं असंच लिहून गेलो.

बहिरा माणूस एक गोष्ट लवकर शिकतो, मान हलवायची. समोरचा हसला की हसायचं, थांबला की मान हलवायची. लोक खूश होतात. कुणी म्हणतं, भिकनराव म्हातारपणी लई समजूतदार झाले. समजूतदार कसला, मी चोर होतो. न घेतलेल्या गोष्टींची पावती देत होतो. आणि तुला लिहिलं, माझ्या तोंडून हो फुकट घसरत नाही. तोंडून नाही घसरलं. मानेवरून घसरलं.

आता दुसरं निम्मं.

आमच्या बापाची रीत होती. चांगल्या मेंढराला गेरूचा ठिपका पुढं, खांद्यावर. दुखणाईत मेंढराला मागं, पुठ्ठ्यावर. मागं ठिपका म्हणजे कळपातून बाजूला. त्याला बाजार दाखवायचा नाही. बापानं उपास काढले, पण मागच्या ठिपक्याचं मेंढरू कधी विकलं नाही. तीच रीत मी मशीनला लावली. बरं झालं तर ठिपका पुढं. बिजागरीपाशी ठिपका म्हणजे बाद, फक्त स्क्रू आणि झाकणं काढून घ्यायला. तुझं मशीन पाणी प्यालेलं आहे. तू बुरशी म्हणालीस ती बुरशी नाही. ते मशीन कळकलंय. बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवल्यावर होतं तसं. वरून पुसता येतं, आतून जात नाही. तुझ्या ब्रशानं आणि खोडरबरानं ते दोन-दोन दिवस चाललं, म्हणून तुला आशा लागली. तो दोष तुझ्या हाताचा नव्हता. तू सगळं बरोबर केलंस. मी वेळ काढत नव्हतो. ठिपका मागं आहे हे तुझं पत्र येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

ते वाचलं आणि मी बादच्या फळीकडं गेलो. फळीवर हात-हातभर धूळ. मधे एक चौकोन स्वच्छ. तुझं मशीन तिथूनच उचललेलं. तुला ज्या चार ओळी लिहिल्या त्या तिथंच उभ्यानं लिहिल्या. कागदावर यापेक्षा जास्त आलं असतं तर पोराला शिव्या आल्या असत्या.

तुझं रागाचं पत्र आल्यावर आदिनाथला घरात समोर बसवलं. म्हटलं, "माझ्या तोंडाकडं बघ आणि त्या दिवशी विचारलंस तसंच विचार."

तो म्हणाला, "कशाला बाबा, झालं ते झालं." एवढं मला ओठांवरून कळलं.

मी म्हटलं, "विचार."

मग त्यानं विचारलं. "हे सुकेला देऊ का?" ओठांवरून अक्षर न् अक्षर कळलं. मी म्हटलं, "नाय. बाद आहे ते. आता बोल, त्या दिवशी मी काय म्हणालो असतो?"

त्यानं आईकडं बघितलं. मग बानानं तोंड उघडलं. तिचे ओठ मला पन्नास वर्षांपासून पाठ आहेत. ती त्याला म्हणाली, "मी चहा घेऊन दारात हुते. तू त्यांच्या पाठीमागं उभा हुतास. ते टेबलावर वाकलेले. तू त्यांच्या पाठीला विचारलंस आन् मंग खांद्यावर हात ठिवलास. त्यांनी वळून तुझं तोंड बघितलं आन् मान हलवली. मला वाटलं चहाचं काहीतरी असंल."

सुके, मी बहिरा झालो हे साऱ्या दुनियेत दोनच माणसांना ठाऊक. एक बाना, दुसरा तो. मी तुझ्यापासून लपवलं, गिऱ्हाइकांपासून लपवलं, त्याच्यापासून लपवलं नाही. कारण दुकानात तो माझा कान होता. तोच कान त्यानं माझ्यावर चालवला. परक्यानं केलं असतं तर मी त्याला दगा म्हटलं असतं. याला काय म्हणू, तू टाइप करणारी आहेस, तुला शब्द सुचला तर कळव. कुंपणानंच शेत खाल्लं असं म्हणायचं, तर कुंपण मीच लावलेलं.

मी त्याला एवढंच विचारलं, "सुकेलाच का? परक्याला का नाय खपवलंस?" त्यानं मान खाली घातली, म्हणून मला ओठ दिसेनात. बानानं त्याची हनुवटी वर केली. तो म्हणाला, "परका दुकानात येऊन ओरडला असता. सुके घरची हाये. गप बसंल."

मी उठलो आणि ही पिशवी भरायला घेतली.

पिशवीत माझं स्वतःचं मशीन आहे. ज्यावर मी दुसऱ्यांची तपासायचो ते. जुनंच आहे, पण ठिपका पुढं आहे. उघडून बघ, माझ्या शब्दावर घेऊ नको. आता कुणाच्याच शब्दावर उघडल्याशिवाय घेऊ नको. एक तारखेला टेबलावर ते मांड. मला तपासायचं आता काय राहिलंय? हात आहेत अजून, तेवढ्यावर बघू.

आणि एक विचारायचं राहिलंय. तीन वर्षांत मी किती ठिकाणी मान हलवली असेल, त्याचा हिशोब लागत नाही, लावतही नाही. पण एक सलतंय. वहिनीच्या दहाव्याला तू माझ्याजवळ येऊन बसलीस. डोळे पुसत काहीतरी विचारलंस. पदर तोंडावर होता, ओठ दिसले नाहीत. मी मान हलवली. तू माझा हात धरलास, म्हणून वाटलं बरोबरच हलवली असेल. तुझ्या पहिल्या पत्रातही तू तेच लिहिलंस, ते मी उत्तरात टाळलं.

काय विचारलं होतंस?

काका


वैजापूर
४ जून २०२५

ती. काका,

बानाकाकू दोन दिवस राहिली. मी तुमचं पत्र वाचत होते तेव्हा ती समोर बसून लसूण सोलत होती. एकदाही वर बघितलं नाही. वाचून झालं तर म्हणाली, "आता पिशवी उघड. आन् रडायचं तर लसणाच्या नावानं रड."

मी तुम्हाला जे लिहिलं ते परत घेता येत नाही. पोस्टात टाकलेलं पत्र आणि तोंडून गेलेला शब्द सारखाच. तेवढं पोटात घाला.

मशीन उघडून बघितलं. तुमच्या शब्दावर घेतलं नाही, तुम्हीच सांगितलं म्हणून. ठिपका पुढं आहे. आत धूळ नाही. एक तारखेला मांडलं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, एकदाही अडलं नाही. तात्यासाहेबांनी जाताना टेबलाच्या ड्रॉवरची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "काकाला नमस्कार सांग. म्हणावं, बरं हाये." दुसऱ्या दिवशी दगडाबाईही आली. आता बँकेच्या खात्यावर तिचं नाव दगडाईबाई झालंय. तिनं सांगितलेलं या वेळी पहिल्याच दमात उतरलं, तर म्हणते कशी, "पुन्हा एकदा सांगू का? सवय झाली."

आदिदादाचे पाच फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. त्याला म्हणावं, पत्र लिही. माझं तोंड न बघता विचारायची त्याला सवय आहेच. कळकलेलं मशीन मी फेकलेलं नाही. ते टेबलाखाली आहे, पाय ठेवायला. दादानं केलं त्याला काय म्हणायचं, तो शब्द तुम्ही मला विचारला होतात. मला सुचला नाही. रोज पाय ठेवते, सुचेल कधीतरी.

तुमच्या मशीनवर सगळ्यात पहिल्यांदा मी जे टाइप केलं ते सोबत पाठवतेय. कुणा गिऱ्हाइकाचं नाही. मोठ्या अक्षरात छापलंय, दुकानाच्या दारावर लावा:

"मला ऐकू येत नाही.
समोर या, तोंड दिसू द्या, मग विचारा.
भिकन रेडिओवाले"

लाज वाटली तर कागद परत पाठवा. माझ्या टेबलावर लावीन आणि सांगेन की हा माझा काका.

आता तुमच्या प्रश्नाचं. लिहू की नको, असं तीन दिवस चाललं होतं.

त्या दिवशी मी विचारलं होतं, "काका, आई गेली. आता माहेर म्हणून तुमच्याकडं येत जाऊ का?"

तुम्ही मान हलवली होती. त्या मानेवर मी दोन दिवाळ्या काढल्या, काका. त्याच मानेवर दादाकडून ते मशीनही घेतलं. म्हणून या वेळी पाठीमागून विचारत नाही. कागदावर, शाईनं, तुमच्या डोळ्यांसमोर विचारते.

येत जाऊ का?

मान हलवून चालणार नाही. लिहून कळवा.

सुके


(पोस्टकार्ड)

हर्सूल
९ जून २०२५

सुके,

कागद दारावर लावला. सरळ लागलाय. तीन गिऱ्हाइकं समोर येऊन बोलली. एकानं उगाच ओरडून सांगितलं, शेजारचं कुत्रं पळालं म्हणे. आदिनाथ रोज त्याच दारातून आत-बाहेर करतो. कागद काढला नाही त्यानं. समोर येऊन काही विचारलंही नाही अजून. मी टेबल फिरवून घेतलंय. आता पाठ भिंतीकडं असते.

आंबे संपत आलेत, चार तुझ्यासाठी पेंढ्यात ठेवलेत. जावयाला आण.

हो.

ऐकून नाही म्हणत. वाचून म्हणतोय.

काका